‘वय झाले’ म्हणण्याआधी बी-१२ तपासा, आणि औषधांची पिशवीही उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला घरी आलेला चाकरमानी आठ-दहा दिवस राहतो. तेवढ्यात त्याच्या लक्षात येते की आई तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते आहे, किंवा वडिलांना शेजारच्या घरातल्या माणसाचे नाव सुचत नाही. गावात उत्तर तयार असते: ‘वय झाला आता.’ परतीच्या गाडीत मोबाइलवर दुसरे तयार उत्तर भेटते: बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करा, स्मृतिभ्रंश टळेल. २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन याच सुमारास येत असल्याने अशा मजकुराला तेव्हा भरती आलेली असते. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कोकणात त्यांची चूक थोड्या वेगळ्या वाटेने महागात पडते, म्हणून हे पत्र.

आधी जे पक्के माहीत आहे ते. बी-१२ कमी पडले की स्मरणशक्ती, चाल आणि स्वभाव तिन्ही बिघडू शकतात, आणि वेळेवर भरून काढले तर यातले बरेचसे सुधारते. यावरून ‘बी-१२ घेत राहिल्यास स्मृतिभ्रंश होत नाही’ असे मात्र निघत नाही. रक्तात होमोसिस्टीन नावाचा एक घटक असतो; बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी असले की तो वाढतो, आणि वाढलेले होमोसिस्टीन व स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. म्हणून ब जीवनसत्त्वे देऊन तो उतरवून पाहिला गेला. २०१४ मध्ये अशा ११ चाचण्यांतल्या सुमारे २२ हजार लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा गोळ्या घेणारे आणि न घेणारे यांच्या बुद्धीच्या उतरणीत फरक आढळला नाही. ऑक्सफर्डच्या २०१० च्या चाचणीचे चित्र निराळे होते. विसरण्याचा सौम्य त्रास सुरू झालेल्या वृद्धांमध्ये दोन वर्षांत मेंदू आकसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला. ज्यांचे होमोसिस्टीन सुरुवातीलाच १३ च्या वर होते त्यांच्यात तो निम्म्याहूनही कमी झाला. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही एवढाच अर्थ काढतो की खड्डा असेल तर बुजवावा; खड्डा नसलेल्या जागी भर टाकून काही साधत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, न सुधारलेली नजर आहे. जीवनसत्त्वांची कमतरता त्या यादीत नाही.

आणखी एक कडू आकडा सांगून टाकतो. स्मृतिभ्रंशाच्या सात हजारांहून अधिक रुग्णांवरील जुन्या अभ्यासांचा २००३ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. बरे होऊ शकेल असे कारण ९ टक्के रुग्णांत सापडले, पण प्रत्यक्षात पूर्ण किंवा अंशतः सुधारलेले ०.६ टक्केच निघाले. मग तपासायचे कशाला, असे कोणी विचारेल. कारण हे आकडे निदान होऊन गेलेल्यांचे आहेत. कमतरता जितकी जुनी तितके हाती कमी लागते. शिवाय अल्झायमर असलेल्या माणसालाही वर बी-१२ ची कमतरता असेल, तर पाय बधिर होऊन पडणे आणि खुबा मोडणे हे दुखणे त्याच्या वाट्याला फुकटचे येते.

आता कोकणाचे. ‘आम्ही मासे खाणारी माणसे, आम्हाला बी-१२ कसे कमी पडेल?’ हा प्रश्न रास्त वाटतो. एका मध्यम बांगड्यातून दिवसाची गरज सहज भागते. तारली तशीच, आणि तिसऱ्या-शिवल्यांचे मांस तर या बाबतीत साऱ्यांना मागे टाकते. गरज दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची, म्हणजे नगण्यच. शरीरात, मुख्यतः यकृतात, २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो, तो वर्षानुवर्षे पुरतो. त्यामुळे श्रावण पाळल्याने, किंवा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने बी-१२ उतरत नाही. याबद्दल उगाच धास्ती घेणाऱ्यांनी निश्चिंत असावे.

अडचण पानात काय वाढले याची नसून ते पोटात सुटे होते की नाही याची आहे. माशातले बी-१२ प्रथिनाला घट्ट चिकटलेले असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. मग जठराच्याच पेशींतून स्रवणारा एक वाहक घटक त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतो, आणि तिथे ते रक्तात उतरते. साठीनंतर अनेकांच्या जठराचे अस्तर झिजते, आम्ल कमी होते, आणि बांगडा खाऊनही बी-१२ त्या प्रथिनासकट पुढे निघून जाते. गोळीतले बी-१२ मात्र सुटेच असते, त्याला आम्ल लागत नाही. मासे खाणाऱ्या माणसाला गोळी का लागते आणि ती लागू का पडते, याचे उत्तर इथे आहे. यात घरच्या गोष्टीही मिसळतात. कवळी नीट बसत नाही, नजर अधू झाल्याने काटे काढता येत नाहीत, जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी कोण कालवण करणार? मग पेज आणि लोणचे यावर दिवस निघतात. माळकरी आणि पूर्ण शाकाहारी घरांत हिशेब आणखी तंग असतो: रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात गेले तर गरज जेमतेम भागते. चहातल्या दोन चमचे दुधाने आणि पाणीदार ताकाने ती भागत नाही. आंबोळी, इडली, आंबील यांतून बी-१२ मिळते ही समजूत खरी नाही, आणि स्पिरुलिना नावाच्या शेवाळातले बहुतांश बी-१२ आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या प्रकारचे असते.

आम्हाला सर्वात मोठा चोर सापडतो तो औषधांच्या पिशवीत. मधुमेहाचे मेटफॉर्मिन बी-१२ चे शोषण कमी करते. मात्रा जितकी जास्त आणि वर्षे जितकी अधिक, तितकी शक्यता वाढते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये या धोक्याची स्वतंत्र सूचना काढली, आणि अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ अधूनमधून तपासायला सांगते. गोम अशी की आपण मेटफॉर्मिन घेतो हे अनेकांना ठाऊकच नसते, कारण ते ग्लिमेपिराइड किंवा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असते. पुढचे ठळक नाव पाहून थांबू नका. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, तिथे ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड ५०० मिग्रॅ’ किंवा ‘१००० मिग्रॅ’ शोधा. दुसरा चोर म्हणजे सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ‘गॅसची गोळी’: पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पाच-पाच वर्षे चालू राहते, कारण बंद करायला कोणी सांगितलेलेच नसते. मेटफॉर्मिन आणि गॅसची गोळी दोन्ही असलेल्या साठीपुढच्या माणसाने बी-१२ तपासून घ्यावेच. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये. ते उत्तम औषध आहे, त्याची भरपाई करता येते.

पिशवी उघडलीच आहे तर आणखी पाहा. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी घेतलेले अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, वारंवार लघवीसाठी दिलेले ऑक्सिब्युटिनिन हे सारे वृद्धांना विसराळू आणि गोंधळलेले करू शकतात. अनेकदा बी-१२ नॉर्मल येते आणि दोष यांतल्या एखाद्या गोळीचा निघतो.

लक्षणांत सर्वात आधी बहुधा पाय बोलतात. दोन्ही तळव्यांना मुंग्या, कापसावर चालल्यासारखे वाटणे, चप्पल पायातून कधी निसटली ते न कळणे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माणूस झोकांडतो, किंवा दिवे गेल्यावर पडवीतून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जातो. पायांकडून येणारी जाणीव मंदावल्याने तोल डोळ्यांच्या भरवशावर चाललेला असतो, म्हणून अंधारात तो ढासळतो. जीभ गुळगुळीत व लाल होते, नेहमीचे तिखट झोंबू लागते. बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो. स्वभाव चिडका, संशयी किंवा उदास होतो. हे सारे काही महिन्यांत सावकाश घडते. काल ठीक असलेला माणूस आज अचानक बरळू लागला तर ते जीवनसत्त्वाचे काम नव्हे. तिथे जंतुसंसर्ग, सोडियम उतरणे, डोक्याला लागलेला मार किंवा पक्षाघात यांचा विचार करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

‘हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणजे बी-१२ ठीकच असणार’ हा तर्क डॉक्टरांकडूनही ऐकू येतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात बी-१२ अभावी मज्जासंस्थेचे वा मनाचे विकार झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना ना रक्तक्षय होता, ना रक्तपेशींचा आकार वाढलेला होता. आपल्याकडे लोहाची कमतरताही सोबत असते. ती पेशी लहान करते, बी-१२ ची कमतरता मोठ्या करते, आणि सरासरी नॉर्मल दिसते. म्हणून सीबीसीवर (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीवर) विसंबू नये.

तपासणीत चुका होतात त्या पुढीलप्रमाणे. अशक्तपणा वाटला की गावात ‘ताकदीचे लाल इंजेक्शन’ आधी टोचले जाते आणि मग रक्त तपासायला पाठवतात. ते लाल इंजेक्शन बी-१२ चेच असते (तो रंग त्यातल्या कोबाल्टच्या संयुगाचा), आणि त्यानंतर येणारा १५०० चा आकडा काहीच सांगत नाही. आधी रक्त, मग सुई. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. काही यंत्रांवर त्या बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचे आकडे खोटे वाढवून दाखवतात. अहवाल वाचताना २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद, असे ढोबळ धरावे. काही लॅब २११ ते ९११ अशी कक्षा छापतात. तिथे २२० आले तर शेजारी खूण नसते आणि घरचे निर्धास्त होतात. पण पायांना मुंग्या असतील तर २२० ला नॉर्मल म्हणू नये. अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक अॅसिड (बी-१२ कमी असले की वाढणारा दुसरा घटक) पाहतात. पैकी होमोसिस्टीनचे एक पथ्य आहे: रक्त काढल्यावर नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर पेशींतून ते झिरपत राहते आणि आकडा फुगतो. देवगड किंवा गुहागरला घेतलेले नमुने तसेच गाडीत घालून कोल्हापूर-मुंबईला पाठवले तर निरोगी माणसाचे होमोसिस्टीनही वाढलेले येईल. रक्त घेणाऱ्याला ‘सेंट्रिफ्यूज (पेशी वेगळ्या करणारे यंत्र) इथे आहे का?’ असे सरळ विचारावे. ते यंत्र नसेल तर ही एक तपासणी शहरात जाऊनच करावी. थायरॉइड, सोडियम, कॅल्शिअम आणि साखर त्याच वेळी पाहून घ्यावी.

उपचार स्वस्त आणि सोपा आहे, पण अर्धवट सोडला जातो. मज्जासंस्थेची लक्षणे असतील तर इंजेक्शनने सुरुवात करतात: १००० मायक्रोग्रॅम, पहिले दोन आठवडे रोज किंवा एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक. लक्षणे सौम्य असतील तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. वाहक घटक नसला तरी मोठ्या मात्रेतले सुमारे १ टक्का बी-१२ आपोआप झिरपते, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. ‘पाच इंजेक्शनांचा कोर्स झाला, आता बरे आहे’ म्हणून थांबले की वर्षभरात ये रे माझ्या मागल्या, कारण झिजलेले जठर काही पुन्हा उगवलेले नसते. बहुतेकांना हे आयुष्यभर घ्यावे लागते. मुंग्या काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, चाल आणि स्मरण सुधारायला तीन ते सहा महिने, कधी वर्ष लागते. तोवर धीर सोडू नये. वर्षभरात जे आले नाही ते बहुधा येत नाही.

दोन सावधगिऱ्या. बी-१२ न तपासता नुसते फॉलिक अॅसिड देऊ नये. रक्त सुधारते आणि मज्जारज्जूची हानी आत चालूच राहते. आणि दुकानात ‘बी-१२ द्या’ म्हटल्यावर कधीकधी मेथिलकोबालामिनबरोबर (हा बी-१२ चाच एक प्रकार) प्रेगाबालिन असलेली कॅप्सूल हातात पडते. ती नसांच्या वेदनांसाठी असते. तिने म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि घरचे म्हणतात की स्मृतिभ्रंश बळावला. पाकिटावर एकच घटक असल्याची खात्री करून घ्या. गोळ्या पाकिटातच ठेवा. हे औषध उजेडाने खराब होते, कापून पारदर्शक डबीत भरून खिडकीत ठेवू नये.

ड जीवनसत्त्वाचे पारडे जरा वेगळे आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १६५८ वृद्धांच्या अभ्यासात ड ची तीव्र कमतरता असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. पण जो घराबाहेर पडत नाही त्याचे ड कमी असते, आणि ज्याचा मेंदू उतरणीला लागला तोही घराबाहेर पडेनासा होतो. कोणते आधी, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. रोज ड देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत बुद्धीला फायदा दिसलेला नाही. हाडे आणि स्नायू यांसाठी कमतरता (२० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली) भरून काढावी, एवढे निश्चित. ‘कोवळ्या उन्हात बसा’ या सल्ल्याचा मात्र इथे उपयोग नाही. कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण नसल्यातच जमा असतात. खूण सोपी: स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. कोकणात मे महिन्यात ती वेळ सकाळी साडेनवाच्या सुमारास येते, डिसेंबरात सव्वाअकरानंतर. पडवीच्या सावलीत किंवा काचेआड बसून काही मिळत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांचे.

म्हणून पावडरीची पुडी लिहून दिली जाते: ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द घरी पोहोचेपर्यंत गळतात आणि पुडी रोज घेतली जाते. किंवा मुंबईचे डॉक्टर पुडी देतात, गावचे डॉक्टर सहा लाखांचे इंजेक्शन देतात, आणि एकाला दुसऱ्याचे ठाऊक नसते. रक्तातले कॅल्शिअम चढते: मळमळ, बद्धकोष्ठ, तहान, वारंवार लघवी, आणि पुढे भ्रम. स्मरणशक्तीच्या काळजीने घेतलेले जीवनसत्त्वच मग भ्रमाला कारण होते. कॅलेंडरवर एकच वार ठरवून त्यावर खूण करावी, आणि सारे कागद एकाच फायलीत ठेवावेत.

ब-१ जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. धान न सडता आधी उकडले की कोंड्यातले ब-१ दाण्यात मुरते. त्यामुळे उकड्या तांदळाची पेज, तीही पाण्यासकट, ही कोकणाची जुनी सवय चांगलीच आहे. पांढराशुभ्र तांदूळ आणि निथळून फेकलेली पेज ही नवी सवय तितकी बरी नाही. खरा धोका रोज दारू पिणाऱ्याला. तो जेवत नाही, ओकाऱ्या होतात, झोकांड्या जातात, एकाचे दोन दिसते, आठवणीत फटी पडतात. अशा माणसाला सलाइन लावताना ग्लुकोजच्या आधी ब-१ गेले पाहिजे. क्रम उलटला तर मेंदूची हानी वाढू शकते. सोबतच्या माणसाने दारूची गोष्ट लाजेखातर लपवू नये.

आमची मागणी आरोग्य खात्याकडे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली तरुण माणसे मुंबईला आणि म्हातारी गावी, हे सर्वांना दिसते. मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला वृद्ध मंडळी प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमाने येतात. साखर आणि रक्तदाब कार्डावर लिहिला जातो. त्याच कार्डावर आणखी दोन रकाने हवेत: मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे, आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (वाजवल्यावर कंप पावणारा धातूचा काटा) पायाच्या अंगठ्याला लावल्यावर कंप जाणवतो का. या फोर्कला ना वीज लागते ना रसायन, आणि आरोग्यसेविकेला तो वापरायला एका बैठकीत शिकवता येते. ज्यांना कंप जाणवत नाही त्यांचे बी-१२ चे रक्त ग्रामीण रुग्णालयात मोफत तपासले जावे, आणि १००० मायक्रोग्रॅमची साधी गोळी केंद्रातल्या औषधांत कायम असावी.

आपले,
कोकणात काम करणारे काही डॉक्टर व औषधविक्रेते